चार किलो चारशे ग्रॅम

"या घरात माणसं खोटं बोलली असतील, काटा कधी खोटं बोललेला नाही!" रविवारी सकाळी साडेअकरा वाजता आप्पांनी जाहीर केलं. "माझ्या आजोबांपासून आजपर्यंत. तीन पिढ्या. एक ग्रॅमसुद्धा नाही!"

वाक्य भारदस्त होतं. ते उच्चारताना आप्पांनी डावा हात छातीवर ठेवला होता. उजवा हात मात्र पाठीमागे होता आणि त्या हाताचा अंगठा काट्याच्या दांडीच्या टोकाला असलेली पितळी चकती पाव आटा, स्क्रूच्या पाव फेऱ्याइतकी, फिरवत होता. पाव आटा म्हणजे चारशे ग्रॅम. गेले अकरा दिवस रोज सकाळी कुणी पाहत नसताना आप्पा हे काम उरकत होते. आज रविवार, माणसं जास्त, म्हणून ते भाषणाच्या आडून करावं लागलं.

पुढच्या खोलीत आता काट्यांची दुरुस्ती होत नाही. दुकानं, गोदामं, पोस्ट ऑफिसं, सगळीकडचे काटे जिथे एकेकाळी उपचाराला यायचे, तिथे आता चपला ठेवतात. आप्पांच्या थोरल्या मुलाने रस्त्यापलीकडे बटणांचे, लाल आकड्यांचे काटे विकायचं दुकान थाटलं आहे. या खोलीत उरला आहे तो एकच, उभ्या माणसाला तोलणारा लोखंडी फळीचा काटा, आणि त्याच्यामागे कपाटाचं जुनं दार. घरातल्या प्रत्येकाने आपापल्या वाढदिवशी फळीवर उभं राहायचं आणि आप्पांनी पेन्सिलीने दारावर आकडा लिहायचा, ही पद्धत आप्पांच्या आजोबांपासूनची. इतर घरांत फोटो काढतात. गेले पंधरा दिवस मात्र सगळं घर वजन उतरवण्याच्या मागे लागलं होतं आणि वाढदिवसाची वाट बघायला कुणाला सवड नव्हती.

"मग मीच आधी," असं म्हणून आत्या फळीवर चढल्या. आत्या म्हणजे आप्पांची थोरली बहीण. सारं घर त्यांना आत्या म्हणतं, म्हणून आपणही आत्याच म्हणू. आप्पांनी दांडी अडकवलेली कडी सोडली, सरकतं वजन मागेपुढे केलं. दांडीने मान डोलावली आणि ती थांबली.

"सत्त्याहत्तर दोनशे."

"म्हणजे पंधरा दिवसांत सव्वाचार किलो!" आत्यांनी हात जोडले. "मी म्हणत होते ना? जेवणाआधी कोमट पाण्यात लिंबू."

"आणि जेवणानंतर केक," सूनबाई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली.

"लिंबाला काहीतरी काम नको का? रिकाम्या पोटी लिंबू बाधतं."

मग थोरला चढला. त्याचे साडेचार किलो उतरले होते. दिवस मावळल्यावर काही न खाण्याचं व्रत त्याने धरलं होतं आणि मावळण्याआधी तो दोन जेवणं एका बैठकीत उरकत होता. त्याने डॉक्टरांना फोन करून ही बातमी आधीच कळवली होती. डॉक्टर म्हणाले होते, रक्ताचा रिपोर्ट मात्र जुन्याच वजनाचा दिसतोय. तिसऱ्या नंबरावर थोरल्याची बायको, सूनबाई. ती कारखान्याच्या कँटीनमध्ये रोज चारशे माणसांचा स्वयंपाक करते आणि घरी आल्यावर पाच माणसांचा. तिचेही चार किलो तीनशे गेले होते.

"मी तर काहीच केलं नाही," ती म्हणाली.

"सांगायचं नसेल तर नको सांगूस," आत्या म्हणाल्या. "गुपित ठेवणाऱ्याच्या अंगाला लागत नाही म्हणतात."

"आत्याबाई, अंगाला लागू नये म्हणूनच तर सगळं चाललंय ना?"

हसणं झालं. सबंध घराणं काटे दुरुस्त करण्यात हयात घालवलेलं. पण पंधरा दिवसांत चौघांपैकी एकालाही शंका आली नाही. वजन वाढलं की माणूस काट्याखाली वाकून बघतो, फळीखाली खडा तर नाही ना अडकला. उतरलं की आरशासमोर जातो.

शेवटी गोटी आली. आप्पांची धाकटी मुलगी. वय छत्तीस, लहानपणी गुबगुबीत होती म्हणून गोटी, आणि नंतर ते नाव कुणी बदललं नाही, तिनेही नाही. चष्म्याच्या दुकानात ती गिऱ्हाइकांचे डोळे तपासते. पंधरा दिवसांपूर्वी मैत्रिणीकडून एक छापील कागद घेऊन आली: एकवीस दिवस कोबीचं सूप, दर तिसऱ्या दिवशी एक केळं. चौथ्या दिवशी दुकानात गिऱ्हाइकाने खालची सर्वांत बारीक ओळ घडाघडा वाचली आणि गोटीला वरचं मोठं अक्षरही दिसेना. तिला गाडीत घालून घरी आणावं लागलं. दुसऱ्या दिवशी ती आंघोळीला गेल्यावर आप्पांनी आयुष्यात पहिल्यांदा काट्याला खोटं बोलायला शिकवलं. हिशेब सरळ होता. हिला साठाच्या आत यायचंय, तर लवकर येऊ दे. आकडा आला की सूप बंद, जेवण सुरू.

साठाच्या आत का, हेही आप्पांना ठाऊक होतं. दारावर गोटीच्या रांगेत नऊ वर्षांपूर्वीचा आकडा होता, एकोणसाठ आठशे. त्या वर्षी जहाजाच्या इंजिनावर काम करणारा एक उंच मुलगा या खोलीत चहा प्यायला होता, पेला जपून ठेवून उठला होता आणि जहाजावर गेला होता. गेल्या महिन्यात त्याची चिठ्ठी आली. 'पुढच्या महिन्यातल्या पहिल्या गुरुवारी बंदरात येतोय. भेटता येईल का?' एवढीच. गोटीने ती चष्म्याच्या केसमध्ये ठेवली होती आणि दिवसातून इतक्या वेळा चष्मा पुसत होती की काचा झिजायची वेळ आली.

"साठ नऊशे," आप्पा म्हणाले. आवाज शक्य तितका सहज ठेवला.

गोटीचा चेहरा उजळला. चेहऱ्यावर उजळायला फारसं काही उरलं नव्हतं, डोळ्यांखाली काळं होतं आणि ओठ पांढरे, पण जे होतं ते उजळलं. "बघा! फक्त एक किलो शंभर राहिलं. आप्पा, मी ठरवलंय. आजपासून गुरुवारपर्यंत नुसतं गरम पाणी."

"पाणी?" सूनबाईच्या हातातला डाव थांबला. "अगं, माणूस आहेस का रेडिएटर?"

"वहिनी, तू बघतेयस ना? उतरतंय."

"मी तुझ्याकडे बघतेय. काल जिना चढताना तीनदा बसलीस."

"नऊ दिवस झाले केळंसुद्धा सोडलंय मी, काही झालं का? काटा सांगतोय ना, बरोबर चाललंय म्हणून."

आप्पांनी दांडीची कडी अडकवली. केळं सोडलं? ते त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांना वाटलं होतं, आकडा खाली आला की पोरगी ताटावर बसेल. आकडा खाली येत गेला तशी पोरगी ताटापासून आणखी लांब सरकली होती. रोज सकाळी त्यांनीच तिच्या पाठीवर चारशे ग्रॅमची थाप मारली होती.

"गोटे," ते म्हणाले, "थोडं सूप तरी..."

"आप्पा, तुमचाच काटा आहे. तुमचं ऐकू की काट्याचं?"

हा प्रश्न असा होता की त्याला उत्तर देण्यासाठी आप्पांना खुर्ची लागली असती. पण तेवढ्यात थोरला बाहेर जाऊन आला. त्याच्या हातात कडी असलेलं वीस किलोचं ओतीव वजन होतं, सरकारी शिक्क्याचं.

"उद्या वजनमापं तपासायला साहेब येणार आहेत दुकानात," तो म्हणाला. "वजनं काढलीच आहेत तर म्हटलं म्हाताऱ्याचीही तपासणी करावी."

"कुठल्या म्हाताऱ्याची?" आप्पा दचकले.

"काट्याची हो."

"जेवण गार होतंय."

"अजून वाढलंही नाहीये, आप्पा."

"तेच म्हणतोय. वाढा आधी, मग गार होऊ दे."

थोरल्याने लक्ष दिलं नाही. त्याने वजन फळीच्या मधोमध ठेवलं, कडी सोडली, सरकतं वजन विसावर आणलं. दांडी उठली नाही. त्याने आणखी मागे आणलं. एकोणीस. अठरा. सतरा. खोलीतलं बोलणं एकेक किलोने कमी होत गेलं. पंधरा सहाशेवर दांडीने मान डोलावली आणि ती थांबली.

सगळ्यांनी वाकून आकडा पाहिला. मग सूनबाई म्हणाली, "ओतीव लोखंडाचेही चार किलो चारशे उतरले. कोबी न खाता."

पुढची पाच मिनिटं सगळे एकदम बोलले. थोरल्याचं म्हणणं, काट्याला कुणीतरी हात लावला, आणि पुढच्या खोलीत दिवसभर आत्याच बसलेल्या असतात. आत्यांचं म्हणणं, त्यांना स्वतःच्या लिंबाची खात्री आहे, काट्याची मदत लागत नाही. उलट ज्याला लाल आकड्यांचे काटे खपवायचे आहेत त्यालाच जुना काटा बदनाम झालेला हवा. सूनबाईने आत्यांची बाजू घेतली, कारण नवऱ्याने एका बैठकीत खाल्लेली दोन-दोन जेवणं पंधरा दिवस तिनेच रांधली होती. मग आत्यांनी तिलाच विचारलं, काही न करता सव्वाचार किलो उतरतात तेव्हा बाईला स्वतःला संशय कसा आला नाही? त्यावर सूनबाई आणि थोरला एका बाजूला झाले. एवढ्या गडबडीत गोटी मात्र वजनाकडे बघत उभी होती. वजन कुठल्याच बाजूला नव्हतं.

"मी केलं," आप्पा म्हणाले.

"काय केलंत?" थोरल्याने विचारलं.

"चकती. रोज पाव आटा."

"तुम्ही?" थोरल्याचा आवाज चिरकला. "आप्पा, तुम्ही? गल्लीतल्या बटाटेवाल्याने शंभर ग्रॅम मारले म्हणून तुम्ही त्याचा काटा फुकट दुरुस्त करून दिला होता. दोनदा!"

"तिसऱ्यांदाही दिला होता. तू शाळेत होतास."

"एकूण किती?" गोटीने विचारलं. ती अजून वजनाकडेच बघत होती.

"चार चारशे."

"म्हणजे मी पासष्ट तीनशे." गोटीला आकडेमोडीला कागद लागत नाही, ते घराण्यातच आहे. "सदुसष्ट नऊशेची सुरुवात केली होती. चौदा दिवस कोबीचं पाणी प्यायले. दोन किलो सहाशे." ती खाली बसली, तिथेच, काट्याच्या फळीवर, वजनाशेजारी. "गुरुवारी तो येणार. आणि तुम्ही माझी मजा बघत होतात."

"चला," सूनबाईने थोरल्याच्या आणि आत्यांच्या दंडाला धरलं. "मला बटाटे सोलायला माणसं हवीत."

"बटाटे तर उकडून झालेत," आत्या म्हणाल्या.

"मग खायला हवीत. चला!"

खोलीत दोघंच उरली. आप्पांना फळीवर बसता येईना, गुडघे वाकत नव्हते. म्हणून ते दाराला टेकून उभे राहिले. पाठीमागे सगळ्यांची वजनं.

"मजा नाही बघत होतो," ते म्हणाले. "तू पडशील म्हणून भीती वाटत होती."

"मग सांगायचं, खा म्हणून."

"सांगितलं की. तू ऐकलं नाहीस. तू काट्याचं ऐकतेस. मग म्हटलं, काट्यालाच सांगू, तू सांग बाबा हिला." ते थांबले. "तो माझ्यापेक्षा वाईट निघाला. त्याने तुला केळंही सोडायला लावलं."

गोटी हसली नाही. पण तिचा खांदा हलला.

"गोटे, मला एकदा उतरणाऱ्या वजनाने फसवलंय," आप्पा म्हणाले. पाठ न वळवता त्यांनी हात मागे नेला आणि बोट बरोबर त्या रांगेवर ठेवलं. "तुझी आई. एकोणीस वर्षं अठ्ठावन्न. कधी दोनशे वर, कधी तीनशे खाली. काही मोजायची नाही ती. भूक लागली की बसायची, भागली की उठायची. उरलेलं झाकून ठेवायची. मला वाटायचं, बाई नव्हे, प्रमाणित वजन आहे ही. आणि मग त्या वर्षी पंचावन्न भरली. मी काय म्हटलं, आठवतं?"

"शाब्बास म्हणालात."

"शाब्बास! सगळ्यांसमोर! लग्नाच्या वर्षाचा आकडा आला म्हणालो. तुझ्या आत्याने विचारलं, काय खातेस गं? ती नुसती हसली. पुढच्या वाढदिवशी सत्तेचाळीस. तेव्हा डॉक्टर होते, शाब्बास म्हणणारं कुणी नव्हतं." आप्पांनी बोट काढलं. "ग्रॅमपर्यंत बरोबर लिहिलं मी. आणि तीन किलो कुठे गेले ते विचारलं नाही."

स्वयंपाकघरात आत्या कुणाला तरी सांगत होत्या की लिंबाने वजन नाही तरी कांती सुधारतेच.

"आईला बरं वाटलं होतं त्या दिवशी," गोटी म्हणाली.

"काय?"

"मला म्हणाली होती. झोपताना केस विंचरत होती आरशासमोर. म्हणाली, फार दिवसांनी हे काहीतरी म्हणाले मला. दुखत होतं तिला तेव्हाही, मला वाटतं. पण बोलली नाही. तुमचं शाब्बास मोडायचं नव्हतं तिला."

 पन्नास वर्षं आप्पा काटे ऐकत आले होते. कुठला सांधा कुठे घासतो ते त्यांना आवाजावरून कळायचं. बायको एकोणीस वर्षं एकाच आकड्यावर उभी होती आणि ते आकडा लिहून पेन्सिल कानाला लावत होते. एक शब्द तीनशे ग्रॅमचासुद्धा नाही. तीन किलो गेल्यावर एक, तोही चुकीचा.

"तिच्या वाढदिवशी तुम्ही दुकानातून वजनं आणता," गोटी हळूच म्हणाली. "दार लावून घेता. वीस, वीस, दहा, पाच, दोन, एक. फळीवर रचता आणि कडी सोडता."

"तुला कोणी सांगितलं?"

"आवाज येतो, आप्पा. लोखंडाचा आवाज आहे तो. सगळ्यांना येतो. त्या दिवशी आम्ही सगळे उगाच रेडिओ लावतो."

आप्पा खिडकीकडे बघायला लागले. अठ्ठावन्न किलो रचले की दांडी तिच्यासाठी उठायची तशीच उठते, दोनदा मान डोलावते आणि थांबते. पण तिच्या वेळी थांबल्यावरही जराशी हलत राहायची. ती श्वास घ्यायची ना, म्हणून. लोखंड अगदी स्थिर असतं. हे त्यांना कुणाला तरी सांगायचं होतं, ती गेल्यापासून सहा वर्षं. आत्ताही जिभेवर आलं आणि परत गेलं.

त्याऐवजी त्यांनी विचारलं, "एकोणसाठ आठशे होतीस तेव्हा, नऊ वर्षांपूर्वी, खूश होतीस का गं?"

गोटीने खरंच विचार केला. "नाही," ती म्हणाली. "तेव्हा मला पंचावन्न व्हायचं होतं."

आणि मग ती हसली, पंधरा दिवसांत पहिल्यांदा, आणि हसताना तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. हसण्याचं किती आणि दुसऱ्या कशाचं किती, हे वेगळं तोलायची सोय या घरात नव्हती. "त्याला तीच आठवत असणार ना, आप्पा. तेव्हाची. जिना दोन-दोन पायऱ्या चढणारी. तिला घेऊन जायचं होतं मला गुरुवारी."

"ती माझ्याही ओळखीची आहे," आप्पा म्हणाले. "दुपारी बारा वाजता ताटावर बसायची आणि कुणाशी बोलायची नाही. पण काट्यावरून बोलावून ती येणार नाही. मी तुझ्या आईला बोलावून बघितलंय."

थोरला आत आला. दोघांकडे न बघता त्याने चकती उलट फिरवायला घेतली. अकरा पाव आटे, मोजून. मग वीस किलोवर दांडी उठलेली पाहिली, वजन उचललं आणि बहिणीला म्हणाला, "चल, गोटे. तुझी वहिनी चिडली की मीठ जास्त पडतं."

टेबलावर उकडलेले बटाटे होते, अंडी, लोणी, शेंगांची भाजी, भात, कापलेली सफरचंदं. गोटी खुर्चीवर बसली आणि हात मांडीवर ठेवले. सूनबाईने तिच्यासमोर रिकामं ताट ठेवलं. तिला भाषण येत नाही, चारशे माणसांना वाढणं येतं.

"माझ्या कँटीनमध्ये दोन जाती आहेत," भात वाढता वाढता ती म्हणाली. "एक सोमवारी नुसतं सूप मागतात आणि शुक्रवारी दोन ताटं. दुसरे रोज येतात, बसतात, भाजी जास्त घेतात, पोट भरलं की उठतात. बारा वर्षं बघतेय मी. दुसऱ्यांचा पट्टा एका भोकाने हललाय. पहिल्यांचा दर महिन्याला दोन्हीकडे हलतो. तुला काय करायचं ते कर. पण आज बस. उद्या पुन्हा बस. वजनाचं नंतर बघू, ते कुठे पळून जात नाही."

"पळून जात नाही हेच तर रडणं आहे," आत्या म्हणाल्या आणि लोणी घेतलं.

"गुरुवारचं काय?" गोटीने विचारलं. तिने ते ताटाला विचारलं.

"गुरुवारी काय," थोरला म्हणाला, "पासष्ट किलो असशील. तो नऊ वर्षं कुठल्या कुठल्या बंदरांत जेवलाय, त्याचं तरी काय खात्रीने सांगता येतंय? आणि त्याला साठच हवी असेल तर दुकानात ये, तसा काटा देतो, बटण दाबलं की झालं."

सगळे हसले. गोटीने अंडं घेतलं. सोललं. अर्धं खाल्लं आणि थांबली. तिला स्वतःलाच आश्चर्य वाटल्यासारखं दिसत होतं. मग उरलेलं अर्धं खाल्लं. मग भाजी. हळूहळू, दोन घासांमध्ये श्वास घेत. कुणी तिच्याकडे बघत नव्हतं, म्हणजे सगळे बघत होते.

आप्पांनी बटाट्यांचं भांडं उचललं होतं, तिला वाढावं म्हणून, आणि ते तसंच हातात राहिलं. भांडं गरम होतं. त्यांचं लक्ष नव्हतं. टेबलापलीकडे पोरगी जेवत होती आणि तिच्या मान वाकवण्यात, घास घेण्याआधी क्षणभर थांबण्यात, दुसरंच कुणीतरी त्यांना दिसत होतं, जिला एकोणीस वर्षांत ते काही म्हणाले नव्हते. सहा वर्षं जिभेवरून परत जाणारं वाक्य या वेळी परत गेलं नाही.  लोखंड हलत नाही गं, हे सांगायचं होतं. श्वासाचं सांगायचं होतं. तू आहेस तेवढी पुरे आहेस, दांडी हलती राहू दे, हेही.

"गोटे," ते म्हणाले, आणि सगळं टेबल थांबलं. "तुझी आई जेव्हा काट्यावर उभी राहायची, तेव्हा..."

"आप्पा," गोटी तोंडातला घास गिळत म्हणाली, "ते बटाटे आधी इकडे द्या ना. नुसते धरून काय बसलात?"